शब्दवह मार्गाचा विद्युत्-आलेख : ‘बेरा’ तपासणीचा परिचय

न बोलणारे बालक कडेवर घेऊन आलेली माता हे आपल्या हिंगोली जिल्ह्यातील वैद्यांना अपरिचित दृश्य नाही. सेनगाव, औंढा, कळमनुरी या भागांतील खेड्यांतून अशी बालके बहुधा प्रथम आपल्याकडेच येतात. कर्णरोगतज्ज्ञांची गाठ त्यांना पुष्कळ उशिरा पडते. सोबतची आजी सांगते की, याचा बापही उशिराच बोलला होता. वेखंड उगाळून देऊन झालेले असते, देवाला नवस बोलून झालेला असतो, आणि आता कानात घालण्यासाठी एखादे तेल मिळावे एवढीच अपेक्षा असते.

काही वर्षांपूर्वी असेच एक अडीच वर्षांचे बालक आमच्याकडे आले. मागे उभे राहून थाळी वाजविली की ते वळते, दसऱ्याचे ढोल वाजू लागले की दचकते, मग ते बहिरे कसे, असा घरच्या मंडळींचा युक्तिवाद होता आणि तो आम्हांसही पटला. आम्ही बिल्व तैलाचे कर्णपूरण व वचादी योग सहा महिने दिले. त्यानंतर बेरा तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांत ९० डेसिबलपर्यंत ध्वनी देऊनही आलेखावर एकही लहर उमटली नाही. ते बालक थाळीच्या नादाला वळत होते ते कानाने ऐकून नव्हे, तर हाताची पडलेली सावली आणि हवेचा झोत यांमुळे. ढोलाचा कंप त्यास जमिनीतून व छातीतून जाणवत होता. भाषा शिकण्याच्या ऐन वयातील त्याचे सहा महिने आमच्या हातून गेले. तैल निर्दोष होते. चूक निदानाची होती. म्हणून ही तपासणी नेमकी काय दाखविते व काय दाखवीत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

शब्दाचा प्रवास

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात कर्णगत रोग २८ सांगितले असून त्यांत बाधिर्याची गणना केली आहे. शब्दवह मार्गात केवळ वायू अथवा कफयुक्त वायू स्थित होऊन मार्ग रोधतो, अशी त्याची संप्राप्ती आहे. शारीरस्थानात धमनीविचार करताना शब्दाचे ग्रहण करणाऱ्या दोन धमन्या वेगळ्या सांगितल्या आहेत. कानाच्या मागे व खाली असणाऱ्या विधुर मर्मावर आघात झाल्यास बाधिर्य येते, हेही आपण शिकलो आहोत. म्हणजे कानाच्या छिद्रापाशी श्रवण संपत नाही, तेथून पुढे शब्द वाहून नेणारा एक मार्ग आहे आणि तो मध्येच खंडित होऊ शकतो, ही कल्पना आपणांस नवी नाही. आपल्यापाशी नव्हते ते त्या मार्गात अडथळा नेमका कोठे आहे हे जिवंत मनुष्यात पाहण्याचे साधन.

अर्वाचीन शारीरशास्त्रानुसार हा मार्ग असा आहे. बाह्यकर्णातून आलेली ध्वनिलहर कर्णपटल व तीन अस्थींमार्गे अंतःकर्णातील शंखाकृती कॉक्लियात पोहोचते. तेथील केशपेशी कंपाचे विद्युत्-संकेतात रूपांतर करतात. सुमारे ३०,००० तंतूंची श्रवणतंत्रिका हे संकेत मस्तिष्कस्तंभातील कॉक्लियर केंद्रकाकडे नेते. पुढे सुपीरियर ऑलिव्हरी केंद्रात दोन्ही कानांकडून आलेली वार्ता प्रथमच एकत्र येते. ध्वनी उजवीकडून आला की डावीकडून, याचा निवाडा येथे सुरू होतो. तेथून लॅटरल लेम्निस्कस या तंतुपथाने संकेत मध्यमस्तिष्कातील इन्फीरियर कॉलिक्युलसपर्यंत चढतो. मग थॅलॅमसमधील मीडियल जेनिक्युलेट केंद्र आणि शेवटी शंखप्रदेशातील मस्तिष्कबाह्यक. यांपैकी कॉक्लियापासून मध्यमस्तिष्कापर्यंतचा टप्पा मोठ्या आवाजाचा संकेत सुमारे सहा मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या सहा हजारांशात नव्हे तर सहा सहस्रांशांत, पार करतो. बेरा तपासणी एवढ्याच टप्प्याची आहे, हे आरंभीच लक्षात ठेवावे.

मांजरापासून मनुष्यापर्यंत

१९३० मध्ये अमेरिकेत वेव्हर आणि ब्रे या दोन संशोधकांनी मांजराच्या श्रवणतंत्रिकेवर विद्युदग्र ठेवून तेथील सूक्ष्म विद्युत् वर्धित केली आणि ती दूरच्या खोलीतील टेलिफोनच्या श्रवणयंत्राला जोडली. मांजराच्या कानाशी एक जण बोलला, आणि दूरच्या खोलीत दुसऱ्याला ते शब्द स्पष्ट ऐकू आले! मांजराचा कान जणू टेलिफोनचे बोलण्याचे यंत्र झाला होता. त्यात तंत्रिकेच्या संकेतापेक्षा कॉक्लियातच निर्माण होणाऱ्या विद्युतेचा वाटा मोठा होता, हे पुढे ध्यानात आले. तरीही ध्वनी देहात शिरल्यावर त्याची वीज होते आणि ती मोजता येते, ही गोष्ट त्या प्रयोगाने सर्वांच्या मनावर ठसविली.

मनुष्याचे मस्तक मात्र उघडता येत नाही. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२९ मध्ये मानवी मस्तिष्काच्या विद्युत्-लहरी त्वचेवरून नोंदविल्याचे प्रसिद्ध केले आणि १९३९ मध्ये पॉलिन डेव्हिस यांनी ध्वनी दिल्यावर त्या लहरींत होणारा बदल दाखविला. पण हा बदल मस्तिष्कबाह्यकाचा होता. खोल मस्तिष्कस्तंभातील संकेत त्वचेवर पोहोचेपर्यंत एका मायक्रोव्होल्टहूनही क्षीण होतो. १९६७ मध्ये इस्रायलमध्ये सोहमर व फाइनमेसर यांनी कानाच्या पाळीवर विद्युदग्र लावून श्रवणतंत्रिकेचा प्रतिसाद मिळविला. १९७० मध्ये ज्यूएट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुष्याच्या मस्तकावरून या लहरींची मालिका स्वच्छ नोंदविली आणि १९७१ मध्ये ज्यूएट व विलिस्टन यांनी त्यांना रोमन आकडे दिले. आजही जगभर तेच क्रमांक चालतात.

लहरी मिळाल्या, पण कोणती लहर कोणत्या केंद्राची? येथे एक बोधप्रद घोटाळा झाला. मांजरामध्ये एकेक केंद्र नष्ट करून कोणती लहर नाहीशी होते ते पाहिले गेले आणि त्यावरून पहिली लहर तंत्रिकेची, दुसरी कॉक्लियर केंद्रकाची, असा क्रम बसविला गेला. तोच क्रम मनुष्यालाही लावला गेला. पुढे अमेरिकेत मोलर व जॅनेटा यांनी, अन्य कारणासाठी चाललेल्या शस्त्रकर्माच्या वेळी, मनुष्याच्या श्रवणतंत्रिकेवर प्रत्यक्ष विद्युदग्र ठेवून नोंदी केल्या. तेव्हा दिसले की मनुष्यात दुसरी लहरदेखील तंत्रिकेचीच आहे. कारण साधे होते: मनुष्याची श्रवणतंत्रिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, मांजराची त्याहून पुष्कळ आखूड. लांब रस्त्यावर संकेताची दोनदा नोंद होत होती. अनुमानाला प्रत्यक्षाची जोड मिळेपर्यंत ते अनुमानच असते, हे न्यायशास्त्र शिकलेल्या आपल्या वर्गाला वेगळे सांगावयास नको.

आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला क्रम असा : पहिली लहर श्रवणतंत्रिकेच्या कानाकडील भागाची, दुसरी तिच्याच मस्तिष्काकडील भागाची, तिसरी मुख्यतः कॉक्लियर केंद्रकाची, चौथी ऑलिव्हरी केंद्राच्या आसपासची, आणि सर्वांत ठळक अशी पाचवी लॅटरल लेम्निस्कस जेथे इन्फीरियर कॉलिक्युलसला मिळतो तेथली. तिसरीपासून पुढे प्रत्येक लहरीत एकाहून अधिक केंद्रांचा हातभार असतो. त्यामुळे ‘ही लहर म्हणजे हे केंद्र’ असे काटेकोर समीकरण मांडू नये.

गोंगाटातून नाद वेचणे

मस्तिष्काच्या नेहमीच्या लहरी दहा ते शंभर मायक्रोव्होल्टच्या. त्यांवर मानेच्या स्नायूंची खळबळ, आणि खोलीतील विजेची घरघर. त्यांत अर्ध्या मायक्रोव्होल्टची लहर शोधावयाची कशी? युक्ती अशी की, कानात ‘टक्’ असा अत्यल्प काळाचा ध्वनी हजार-दोन हजार वेळा द्यावयाचा आणि प्रत्येक ध्वनीनंतरच्या दहा मिलिसेकंदांची नोंद एकावर एक रचून सरासरी काढावयाची. ध्वनीशी संबंध नसलेली खळबळ कधी वर, कधी खाली असते. ती परस्परांना खोडून काढते. ध्वनीने उत्पन्न केलेली लहर मात्र दर वेळी त्याच क्षणी उमटते, म्हणून ती टिकते. २,००० नोंदींच्या सरासरीत खळबळ सुमारे ४५ पटींनी घटते. सेकंदाला दहा ठोके दिले तर ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची घरघरही दर वेळी त्याच जागी येऊन लहरीचे सोंग घेईल. म्हणून ठोक्यांचा वेग ११.१ किंवा २१.१ असा मुद्दाम विषम ठेवतात.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथील पद्धती वेगळी असली तरी अडचण तीच आहे : गोंगाट प्रचंड आणि संकेत अतिसूक्ष्म. त्या जागेविषयी कुतूहलाने विचारणारे रुग्ण आमच्याकडे येतात, तेव्हा बाळाच्या मस्तकावरही असाच सूक्ष्म संकेत शोधता येतो हे सांगितले की तपासणीची भीती काहीशी कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

विद्युदग्र कपाळावर अथवा ब्रह्मरंध्राच्या जागी आणि दोन्ही कानांच्या पाळीवर किंवा मागील अस्थीवर चिकटवितात. मागील जागा विधुर मर्माच्या निकटची आहे. या योगायोगावरून कोणताही सिद्धांत काढू नये. पण विद्यार्थ्यांच्या स्मरणासाठी तो उपयोगी आहे. सुई टोचावी लागत नाही, वीज देहात सोडली जात नाही, वेदना होत नाही.

अहवाल कसा वाचावा

प्रौढ मनुष्यात मोठ्या आवाजाला पहिली लहर सुमारे १.६, तिसरी ३.७ आणि पाचवी ५.६ मिलिसेकंदांनी येते. पहिली ते पाचवी हे अंतर सुमारे चार मिलिसेकंद असते. ते साडेचारच्या आसपास गेले की शंका घ्यावी. नवजात बालकात मार्ग अपक्व असल्याने हेच अंतर पाच मिलिसेकंदांच्या जवळ असते आणि दीड ते दोन वर्षांत ते प्रौढाइतके होते. म्हणून बालकाच्या अहवालाची तुलना त्याच्याच वयाच्या मानाशी झाली आहे ना, हे प्रथम पाहावे.

सर्व लहरी उशिरा, पण त्यांच्यातील परस्पर अंतर प्राकृत, असे दिसले तर मार्ग शाबूत आहे व ध्वनी आतपर्यंत पोहोचण्यास अडथळा आहे असे समजावे. कर्णगूथ, मध्यकर्णातील द्रव, छिद्रित कर्णपटल ही त्याची कारणे. आपल्या चिकित्सेला वाव आहे तो प्रामुख्याने येथे. मात्र पटल छिद्रित असताना कर्णपूरण करू नये. पहिली लहर आहे, पण पाचवी लांबली अथवा लोपली, तर दोष तंत्रिकेत किंवा मस्तिष्कस्तंभात आहे. प्रौढात दोन कानांतील पाचव्या लहरीत ०.४ मिलिसेकंदांहून अधिक फरक आढळल्यास श्रवणतंत्रिकेच्या अर्बुदाचा विचार करून एम.आर.आय. करविणे इष्ट, लहान अर्बुद असताना बेरा प्राकृतही येऊ शकते. एकाच कानात सतत कर्णनाद व कमी ऐकू येणाऱ्या रुग्णास सारिवादी वटी देत राहण्यापूर्वी हे आठवावे.

ध्वनी क्रमाने कमी करीत नेऊन पाचवी लहर कोठपर्यंत टिकते ते पाहणे हा बालकांमधील मुख्य उपयोग. ३० डेसिबलला ती स्पष्ट दिसली तर बहुधा चिंता नसते. ती ७० किंवा ९० डेसिबललाच दिसली, अथवा दिसलीच नाही, तर दोष सामान्यतः कॉक्लियातील केशपेशींचा असतो. मनुष्याच्या नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. आपल्या ग्रंथपरंपरेनेही बालकाचे, वृद्धाचे आणि जुने झालेले बाधिर्य चिकित्सेस वर्ज्य मानले आहे. ज्या रोगास पूर्वाचार्यांनी असाध्य म्हटले, त्यावर आम्ही सहा महिने तैल घालीत बसलो, हे येथे पुन्हा नमूद करावेसे वाटते.

आलेख जे सांगत नाही

‘टक्’ या ध्वनीला मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झचा, म्हणजे उच्च स्वरांचा भाग प्रतिसाद देतो. त्यामुळे लहर न येणाऱ्या बालकातही मंद्र स्वरांचे काही श्रवण शिल्लक असू शकते. ‘बेरा कोरी आली, आता काही उरले नाही’ असे पालकांस सांगणे शास्त्राला धरून नाही. स्वरवार तपासणी व श्रवणयंत्राची चाचणी त्यानंतरच सुरू होते.

याउलट काही बालकांत कॉक्लियाचा प्रतिध्वनी, जो ओ.ए.ई. या तपासणीत मोजतात, तो प्राकृत असतो आणि बेरा मात्र विस्कटलेली अथवा कोरी असते. केशपेशी कार्यक्षम, पण पुढील वहनात मेळ नाही. यास १९९६ मध्ये स्टार व सहकाऱ्यांनी श्रवणतंत्रिका-विकृती असे नाव दिले. नवजात बालकाची तीव्र कावीळ हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, कारण वाढलेले बिलीरुबिन मस्तिष्कस्तंभातील श्रवणकेंद्रांना विशेष अपाय करते. वेळीच उपचार झाल्यास लांबलेल्या लहरी पुन्हा जागेवर येताना आढळल्या आहेत. नवजाताच्या गळ्यात काविळीची माळ घालून वाट पाहणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. अशा बालकाची केवळ ओ.ए.ई. करून ‘ऐकू येते’ असा शेरा मिळाला असेल, तर त्यावर विसंबू नये.

तिसरी मर्यादा आपल्या विचारसरणीस अधिक जवळची. इंद्रिय व अर्थ यांचा संयोग झाला तरी मनाचा योग नसेल तर ज्ञान होत नाही, असे चरकाचार्यांचे प्रतिपादन आहे. बेराच्या पाचही लहरी गाढ निद्रेत आणि संज्ञाहरणातही उमटतात. त्यांना मनाची गरज नाही. म्हणून प्राकृत बेरा म्हणजे शब्द मध्यमस्तिष्कापर्यंत पोहोचला, एवढाच अर्थ. तो समजला की नाही हे त्यात नाही. स्वमग्न बालक हाकेला ओ देत नाही आणि त्याची बेरा प्राकृत असते. त्यास बहिरे ठरविणे जितके चूक, तितकेच ‘सर्व ठीक आहे’ म्हणून घरी पाठविणेही चूक. लक्ष देऊन ऐकण्याशी संबंधित लहरी १०० ते ३०० मिलिसेकंदांच्या टप्प्यात येतात. त्यांची नोंद वेगळी करावी लागते.

कोणास व केव्हा पाठवावे

कमी वजनाचे किंवा अतिदक्षता विभागात राहिलेले बालक, जन्मतः न रडलेले, तीव्र कावीळ वा मस्तिष्कावरणशोथ होऊन गेलेले, आणि ज्याच्या घराण्यात बाधिर्य आहे असे बालक. आपल्या भागात मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक होते. आई-वडील नात्यातील आहेत काय, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. जेंटामायसिन, अमिकॅसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांची सुईवाटे मात्रा घेतलेल्यांची चौकशीही करावी. मातृवंशाने येणाऱ्या एका जनुकीय दोषात यांची अल्प मात्रादेखील बाधिर्य आणते.

जन्मानंतर एका महिन्यात प्राथमिक चाळणी, तीन महिन्यांत निश्चित निदान आणि सहा महिन्यांत श्रवणयंत्र, असे वेळापत्रक जगभर प्रमाण मानले गेले आहे. सहा महिन्यांच्या आत ओळखल्या गेलेल्या बालकांची भाषा पुढे सरस राहते, असे १९९८ मध्ये योशिनागा-इटानो यांच्या अभ्यासातून दिसून आले. आपल्याकडे हे अशक्य आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळा तपासणारी जी फिरती पथके आहेत, त्यांतील वैद्यकीय अधिकारी आयुष पदवीधर असतात. जन्मजात बाधिर्य हा त्या तपासणीतील एक विषय आहे. म्हणजे गावातील बालकाच्या कानाकडे शासनाच्या वतीने प्रथम पाहणारा वैद्य पुष्कळदा आपल्यातीलच असतो. तेथून बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. बेरा कोठे होईल याची चौकशी तेथेच करावी. कॉक्लियर इम्प्लांटसाठी केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेतून साहाय्य मिळते व मुंबईची अलि यावर जंग संस्था त्या कामी समन्वय करते. तेथे वयाची मर्यादा आहे, हे पालकांस पहिल्याच भेटीत सांगावे.

औषधालयचालकांस एक विनंती. दोन वर्षांच्या बालकासाठी कानात घालण्याचे तेल किंवा ‘बोलण्याचे औषध’ मागण्यास कोणी आले, तर बाटली देण्यापूर्वी ‘याची बेरा झाली आहे काय’ एवढे विचारावे. चाळीस-पन्नास रुपयांची विक्री जाईल.

तपासणीस पाठविताना आम्ही आता पुढील गोष्टी चिठ्ठीवर लिहून देतो. कर्णगूथ असल्यास आधी काढून घ्यावे. आदल्या दिवशी बालकाचे मस्तक शिकेकाई अथवा साबणाने स्वच्छ धुवावे व तेल लावू नये. केस व त्वचा तेलकट असल्यास विद्युदग्र नीट चिकटत नाहीत आणि आलेख बिघडतो. आठवडाभर कर्णपूरण बंद ठेवावे. जन्माच्या वेळची कागदपत्रे, कावीळ झाली असल्यास तिचे अहवाल सोबत न्यावेत. ही तपासणी बालक झोपलेले असतानाच होते. तेथे झोपेचे औषध देतात, पण ते नेहमी लागू पडतेच असे नाही, आणि मग दुसऱ्या तारखेसाठी पुन्हा एक मजुरी बुडते. म्हणून रात्री बालकास उशिरापर्यंत जागे ठेवावे, पहाटे लवकर उठवावे आणि प्रवासात, विशेषतः एस.टी.त, झोपू देऊ नये.